नागपूरजवळ घरासह शेत घ्यायचंय? बयाणा देण्याआधी हे पाहा

आम्हाला जुन्या घरासह तीन एकर शेत मिळायला दोन वर्षं चार महिने लागले. त्यातलं पहिलं वर्ष पूर्ण वाया गेलं, कारण आम्ही क्रम उलटा धरला होता. शेत आवडलं, आंब्याखाली बसून चहा झाला, त्याच आठवड्यात बयाणा दिला आणि कागद पाहायला नंतर बसलो. ते पैसे परत मिळायला सात महिने लागले, आणि तेही पूर्ण मिळाले नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना शहराबाहेर थोडी जमीन, एक विहीर आणि राहण्याजोगं घर हवंय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

आधी बोलीभाषेचा एक मुद्दा. पुण्या-नाशिककडची माहिती वाचून आलात तर इथे गोंधळ उडतो. तिकडे गट नंबर आणि गुंठे चालतात. आपल्याकडे मौजा म्हणजे गाव, प.ह.नं. म्हणजे पटवारी हल्का नंबर, खसरा नंबर म्हणजे शेताचा क्रमांक, आणि मोजमाप एकर-डिसमिलमध्ये. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, साधारण ०.४० हेक्टर. डिसमिल हा एकराचा शंभरावा भाग, म्हणजे सुमारे ४३५ चौरस फूट, आणि गुंठा १,०८९ चौरस फूट. दलाल बोलता बोलता डिसमिलवरून गुंठ्यावर येतो तेव्हा वहीत लिहून घ्या आणि घरी येऊन हिशेब करा.

१. आधी तुमचा स्वतःचा सातबारा शोधा

शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. विदर्भात यासाठी १९५८ चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे. त्याच्या कलम ८९ नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून जमीन पाहायला निघण्याआधी घरातली जुनी ट्रंक उघडा. आजोबांच्या, वडिलांच्या नावे महाराष्ट्रात कुठेही शेती असेल तर वारस म्हणून तुमचं नाव लावून घ्या, किंवा तहसील कार्यालयातून शेतकरी असल्याचा दाखला मिळतो का ते विचारा. आमच्या बाबतीत सासऱ्यांची मोहाडीकडची पाऊण एकर धानाची जमीन कामी आली. तिच्यावर यजमानांचं नाव चढायलाच चार महिने गेले.

"दाखला आम्ही काढून देतो, तुम्ही फक्त आधार कार्ड द्या" असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. खोट्या दाखल्यावर झालेली खरेदी पुढे कधीही रद्द होऊ शकते, आणि गुन्हा दाखल होतो तो तुमच्यावर.

घरात कुणाचीच शेती नसेल तर दोन सरळ वाटा आहेत. एक, गावठाणातलं घर आणि त्याची वाडी. दुसरी, अकृषक म्हणजे बिगरशेती (एनए) झालेली जमीन. दोन्हींसाठी शेतकरी असण्याची अट नाही. बँकेचं गृहकर्ज हवं असेल तरी अकृषक जमीनच पाहावी लागते. शेतजमिनीवरच्या घराला बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत.

२. दिशा ठरवा, गाव नंतर

नागपूरच्या प्रत्येक बाजूची माती, पाणी आणि अडचणी वेगळ्या आहेत.

कळमेश्वर, काटोल, नरखेड, सावनेर हा काळ्या मातीचा, संत्रा-मोसंबीचा आणि कापसाचा पट्टा. बागेसह घर मिळण्याची शक्यता इथे जास्त. पण संत्र्याने वर्षानुवर्षं जमिनीखालचं पाणी ओढलंय. काटोल-नरखेडकडे बोअर फार खोल जातात.

रामटेक, पारशिवनी, मौदा हा धानाचा पट्टा. पेंच प्रकल्पाचे कालवे आहेत, जुने मालगुजारी तलाव आहेत. मात्र मध्यप्रदेशात चौराई धरण झाल्यापासून तोतलाडोहात येणारं पाणी घटलंय. "कालव्याचं शेत आहे" एवढ्यावर भाव ठरवू नका. मागच्या तीन वर्षांत पाणी किती वेळा सुटलं ते शेजारच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, माणसाला विचारा.

उमरेड, भिवापूर, कुहीकडे जमीन तुलनेने स्वस्त आहे. इथे तीन गोष्टी पाहाव्याच लागतात: कोळसा खाणींचं भूसंपादन, गोसीखुर्द धरणाचं बुडित क्षेत्र आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याभोवतीचा पर्यावरण संवेदनशील पट्टा. खाण जवळ असेल तर दुपारी सुरुंगाच्या वेळेला शेतात उभं राहून पाहा. पायाखालची जमीन हलते ती तुमच्या घराच्या भिंतींनाही रोज हलवणार.

हिंगणा आणि बुटीबोरीकडे समृद्धी महामार्ग, मिहान, औद्योगिक वसाहत. शेत म्हणून घ्यायला भाव परवडत नाहीत, आणि "फार्महाऊस प्लॉट"च्या जाहिराती सर्वांत जास्त याच बाजूला. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

कोराडी-खापरखेड्याच्या आसपास तिथल्या वीज केंद्रांच्या राखेचा विचार करा. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राख बंधारा फुटून राख आजूबाजूच्या शेतांत आणि पाण्यात गेली होती. नाग आणि पिवळी नदीच्या खालच्या अंगाला शहराचं सांडपाणी वाहतं, तिथल्या विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय घोटभरही पिऊ नका.

३. शेत दोनदा पाहा: एकदा मे महिन्यात, एकदा भर पावसात

आम्ही पहिलं शेत ऑक्टोबरमध्ये पाहिलं. विहीर काठोकाठ होती, धुऱ्यावर गवत कंबरेएवढं, सगळं हिरवंगार. शेजारी बैल चारत असलेले एक बाबा म्हणाले, "आता कोन्त्याही इहिरीत पानी दिसते, बाई. मे महिन्यात येजा, मंग काय ते बोला."

पुढच्या वेळी आम्ही मेअखेर नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागल्यावर गेलो. सकाळी सातला, कारण दहानंतर उभं राहवत नाही. विहिरीत दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंतचं आणि तळापर्यंतचं अंतर मोजलं. मग मालकाच्या परवानगीने मोटार दोन तास चालवली, पाणी किती उतरलं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजलं. रात्रभरात पाणी जवळजवळ होतं तिथे आलं होतं. विहिरीची खरी परीक्षा हीच: किती साठलंय त्यापेक्षा किती भरून येतं. दोन घरांना आणि एक एकर भाजीला पुरेल एवढं भरून येत असेल तर बोअरच्या मागे लागू नका. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल जाणारी विहीर 'खोल विहीर' धरली जाते आणि तिच्यावर निर्बंध आहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ खोदायलाही मर्यादा आहे. पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून प्रयोगशाळेत द्या, फ्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही तपासायला सांगा.

जुलै-ऑगस्टमध्ये जायचं ते रस्त्यासाठी आणि घरासाठी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर उथळ पायाचं घर असेल तर दाराच्या आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेलेल्या दिसतात. नुकताच रंग मारलेला असेल तर हाताने चाचपून पाहा, भरलेली भेग बोटाला लागते. आमच्या घराचा पाया मुरमापर्यंत नेलेला होता, म्हणून चाळीस वर्षांत भिंतीला काही झालं नव्हतं. छप्पर कवेलूचं म्हणजे कौलांचं होतं, ते गळतच होतं. कवेलू बदलता येतात, पण पाया दुरुस्त करायचा तर नवं घर बांधण्याएवढा खर्च येतो.

त्याच फेरीत शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांना रानडुकरं आणि रोही म्हणजे नीलगायी किती येतात ते विचारा. पारशिवनी, रामटेक, उमरेडकडे वाघाबद्दलही. कुणाला भीती वाटावी म्हणून हे सांगत नाही. झटका मशीन किंवा जाळीचं कुंपण घालायचं तर त्याचा खर्च जमिनीच्या भावात धरावा लागतो.

४. सातबारा नीट वाचा

महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. मालकाने दिलेली झेरॉक्स वाचत बसू नका, स्वतः काढा. सोबत आठ-अ, म्हणजे मालकाच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा, आणि सर्व फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी. सातबारा हाती आला की या क्रमाने पाहा.

भूधारणा पद्धती. 'भोगवटादार वर्ग-१' असेल तर पुढे जा. 'वर्ग-२' असेल तर ती जमीन सरकारने कधीतरी अटींवर दिलेली असते. परवानगी आणि नजराण्याशिवाय विकता येत नाही. "परवानगी नंतर घेऊ, आधी इसार करा" याला होकार देऊ नका. विनोबांच्या चळवळीत मिळालेल्या भूदान जमिनी आपल्या भागात बऱ्याच आहेत, त्या विक्रीसाठी नाहीतच.

खातेदार आदिवासी आहे का? असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. रामटेक-पारशिवनीकडे हा प्रश्न नेहमी येतो. परवानगीशिवाय घेतलेली जमीन मूळ कुटुंबाला परत जाते, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या हातून जमिनी कशा गेल्या हे त्या गावांत बसून ऐकलंय मी.

झुडपी जंगल. हा विषय राज्यात फक्त पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांचा: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. जुन्या महसुली नोंदींत 'झुडपी जंगल' म्हणून लिहिलेली जमीन म्हणजे वनजमीनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ ला दिला. आजच्या सातबाऱ्यावर तो शब्द नसला तरी जुन्या नोंदीत असू शकतो. म्हणून वकिलाला १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापर्यंत मागे जायला सांगा. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, संपली, त्यानंतर नव्याने तयार झालेला तो अभिलेख आहे. कुणाची जमीन काय म्हणून लिहिली गेली ते तिथे कळतं. आमच्या शेताला लागून दोन एकर पडीक तुकडा होता, मालक म्हणाला तोही घ्या, स्वस्तात देतो. जुन्या नोंदीत तो झुडपी निघाला.

इतर हक्क. बँकेचा किंवा सेवा सहकारी सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, भूसंपादनाची नोंद, न्यायालयाचा मनाई हुकूम, विहिरीतला हिस्सा, सगळं इथे असतं. बोजा फेडला असं मालक सांगतो तेव्हा बेबाकी म्हणजे कर्ज बाकी नसल्याचं प्रमाणपत्र मागा आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर होईपर्यंत थांबा. विहिरीसमोर 'सामाईक' असा शब्द असेल तर पाण्याच्या पाळ्या कुणाच्या, कोणत्या वारी, हे भावांकडून वेगवेगळं विचारून घ्या.

५. बहिणी कुठे आहेत?

आमचा पहिला व्यवहार इथेच मोडला. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं होती, तिघेही सही द्यायला तयार होते. बयाणा दिल्यावर आम्ही वारसाचा फेरफार काढला. त्यात वडिलांच्या मृत्यूनंतर पाच नावं चढलेली होती: तीन भाऊ, दोन बहिणी. दोन वर्षांनी बहिणींची नावं एका साध्या अर्जावरून कमी झाली होती. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठेच नव्हतं.

धाकटी बहीण छिंदवाड्याला राहत होती. आम्ही तिचा फोन शोधून काढला. तिला शेत विकलं जातंय हेच माहीत नव्हतं. "मले कोनी इचारलंच नाही," एवढंच ती पहिल्यांदा बोलली. नंतर तिने हिस्सा मागितला, आणि तो तिचा होताच. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. भाऊ हिस्सा द्यायला तयार नव्हते. आम्ही बाहेर पडलो.

तेव्हापासून मी कुठल्याही मालकाला पहिला प्रश्न हाच विचारते, आणि उत्तर कागदावर पाहते. वंशावळ मालकाकडून लिहून घ्या, मग ती पोलीस पाटलांना किंवा गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला दाखवा. मुली, मेलेल्या भावाची बायको, तिची मुलं, सगळी नावं येऊ द्या. प्रत्येकाने खरेदीखतावर सही करावी, किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र असावं. अज्ञान म्हणजे अल्पवयीन वारस असेल तर न्यायालयाची परवानगी लागते, तो वेळ धरून चाला.

६. रस्ता कागदावर आहे का?

गाडी शेतापर्यंत गेली म्हणजे रस्ता आहे, असं नाही. ती कदाचित दुसऱ्याच्या शेतातून गेली असेल, आणि तो माणूस मालकाचा चुलतभाऊ असेल. तुम्ही चुलतभाऊ नाही आहात.

गावाच्या नकाशावर पांदण म्हणजे शेताकडे जाणारी वाट दाखवलेली असते, ती तुमच्या खसऱ्याला लागते का ते पाहा. लागत नसेल तर गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पटवाऱ्याकडे पाहायला मागा. गुरं नेण्याची वाट, पाण्याची वाट, सरपणाची जागा असे गावकऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क त्यात लिहिलेले असतात. ते दोन्ही बाजूंनी लागू होतात. तुमच्या शेतातून गावाची वाट जात असेल तर तिला कुंपण घालता येणार नाही. रस्ता अजिबातच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे धुऱ्यावरून वाट मागता येते, पण ते प्रकरण लांबतं. खरेदीआधी हे काम विक्रेत्याच्या डोक्यावर असू द्या.

७. मोजणी केल्याशिवाय भाव पक्का करू नका

भूमी अभिलेखाच्या तालुका कार्यालयात मोजणीचा अर्ज मालकाच्या नावानेच जातो, फी आपण भरावी. घाईची आणि साधी अशा दोन फी असतात. मोजणीच्या तारखेला शेजारच्या खातेदारांना नोटीस जाते, ते हजर राहतील असं स्वतः फोन करून पाहा. शेवटी 'क' प्रत मिळते, तोच तुमचा खरा नकाशा.

आमच्या मोजणीत भूकरमापकाने चुन्याची फकी टाकत टाकत उत्तरेचा धुरा गाठला आणि मोटारीच्या खोलीसमोर थांबला. खोलीची मागची भिंत सहा फूट शेजाऱ्याच्या खसऱ्यात होती. मालकाला ते माहीत नव्हतं, त्याच्या वडिलांनी बांधली होती. शेजारी भला माणूस निघाला, म्हणाला राहू द्या. तरी आम्ही त्याच्याकडून ते लिहून घेतलं, कारण त्याची मुलं नागपुरात आहेत आणि उद्या ती येतील. क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा नऊ डिसमिलने कमी भरलं, तेवढी रक्कम भावातून वजा झाली. चुन्याच्या खुणा पहिल्या पावसात जातात. त्याच दिवशी दगड रोवून घ्या.

८. झोन, आणि त्या घराचे कागद

नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत शहराभोवतीची सातशेहून अधिक गावं येतात. तिथे खसऱ्याचा झोन दाखला काढायचाच. शेतातून नियोजित रस्ता जातोय का, आरक्षण आहे का, हे त्यात कळतं. शेती झोनमध्ये शेतघर बांधायला किमान ०.४ हेक्टर जमीन लागते, आणि बांधकामाला परवानगी लागते. शेतीच्या कामासाठीचं शेतघर आणि लोकांना भाड्याने द्यायचं रिसॉर्ट यांना एकच नियम नाही.

आता त्या फार्महाऊस प्लॉटबद्दल. पाच-दहा हजार चौरस फुटांचे तुकडे, फाटक, रंगीत नकाशा. तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्र २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. त्याहून लहान शेततुकड्याची स्वतंत्र विक्री सहसा होत नाही. मग एकाच सातबाऱ्यावर वीस-पंचवीस जणांची नावं सामाईक चढवतात. तुमचा कोपरा कोणता, हे कोणत्याच सरकारी कागदावर नसतं. जाहिरातीत 'एनएटीपी' (अकृषक आणि नगररचनेची मंजुरी) किंवा 'आरएल' (रिलीज लेटर) लिहिलं असेल तर अकृषक आदेश, मंजूर अभिन्यास म्हणजे लेआउट, किंवा नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) पत्र, ज्याचा दावा आहे तो मूळ कागद खसरा नंबर जुळवून पाहा. आणि फक्त आममुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अॅटर्नीवर) जमीन घेऊ नका. त्याने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय.

घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरटॅक्स पावती दाखवतात. तो कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. स्वामित्व योजनेत गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका मागा.

विजेचं एक वेगळं सांगते. शेतात मोटारीची जोडणी असते, ती शेतीच्या फिडरवर. वीज पाळीपाळीने ठरावीक तास येते. घरात राहायचं तर महावितरणचं स्वतंत्र घरगुती मीटर हवं. जवळचा खांब किती लांब आहे ते पावलांनी मोजून या, खर्च त्यावर ठरतो.

९. आता बयाणा

इथपर्यंत सगळं जुळलं तरच. आमच्या फाइलमध्ये या वेळेला हे कागद होते, तुमच्याही असावेत:

- डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ, निदान १९५४-५५ पासूनचे फेरफार आणि अभिलेख
- वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल, सोबत सूची क्रमांक दोनच्या (नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याच्या) प्रती
- वंशावळ, हक्कसोडपत्रं, मृत्यूचे दाखले
- मोजणीची 'क' प्रत आणि गाव नकाशा
- झोन दाखला
- बेबाकी प्रमाणपत्र, वीजबिल, घरटॅक्स पावती
- तुमचा शेतकरी पुरावा, दोन्ही बाजूंचं पॅन आणि आधार

वकील निवडताना दलालाने सुचवलेला घेऊ नका. महसुली कामं करणारा, त्याच तालुक्यात उठबस असलेला घ्या. त्याच्याकरवी नागपुरात जास्त खपणाऱ्या दैनिकात जाहीर सूचना द्या आणि हरकतींसाठी पंधरा दिवस ठेवा. छोटी जाहिरात, पण छिंदवाड्याच्या बहिणीसारखी माणसं तिच्यामुळे वेळेत पुढे येतात.

बयाणापत्र नोंदणीकृत करा. त्यात खसरा, क्षेत्र, विहीर, मोटार, घर, झाडं सगळं मोजून लिहा. व्यवहार मोडला तर बयाणा किती दिवसांत परत, हेही लिहा. हे वाक्य आमच्या पहिल्या कागदात नव्हतं. जमीनव्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने देता-घेता येत नाही. "थोडे काळे, थोडे पांढरे" असं सुचवलं तर नाही म्हणा. रोखीचा पैसा कागदावर नसतो, म्हणून परतही येत नाही.

मुद्रांक शुल्क शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातली किंमत आणि ठरलेली किंमत यांतल्या जास्तीवर लागतं. तक्ते बदलले तर सहसा १ एप्रिलला बदलतात, म्हणून मार्च-एप्रिलच्या कुंपणावर असाल तर आधी विचारून घ्या. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

१०. नोंदणी झाल्यावर

खरेदीखत नोंदलं की फेरफाराची सूचना आपोआप पुढे जाते, पण लक्ष तुम्हालाच ठेवावं लागतं. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर नोटीस दिसते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नवा सातबारा हाती आला की नावाचं एकेक अक्षर, क्षेत्राचा एकेक आकडा तपासा. माझ्या नावातली एक वेलांटी चुकली होती, ती लगेच दुरुस्त करून घेतली. नंतर करायला गेलं तर स्वतंत्र अर्ज आणि सुनावणी. वीजमीटर आणि घरटॅक्स नावावर करून घ्या, शेतकरी ओळखपत्र काढा.

आणि पेरणी झाली की ई-पीक पाहणी स्वतःच्या मोबाइलवरून, शेतात उभं राहून करा. पहिल्या खरिपात घराच्या डागडुजीत आम्ही ती मुदत चुकवली. दीड एकर सोयाबीन चांगलं आलं होतं, पण सातबाऱ्यावर पिकाची नोंदच नाही, त्यामुळे हमीभाव केंद्रावर नेता आलं नाही. त्या वर्षी ते मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला द्यावं लागलं.